मूठभर जुनं गवत

१

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गादी असो, उशी असो की खुर्चीची बैठक, नवा माल भरताना मधोमध मूठभर जुनं गवत घालायचं. त्याने नव्या काथ्याला माणसाचं वजन पेलायचं वळण लागतं, असं अण्णांचं म्हणणं. त्या मुठीला आम्ही विरजण म्हणतो. वळण लागतं की नाही देव जाणे, पण आमच्या हातची बैठक लवकर दबत नाही, एवढं गिऱ्हाइकं आपणहून सांगतात.

विरजण येतं अण्णांच्या स्वतःच्या गादीतून. अण्णा म्हणजे माझे वडील. ते बोटीने या देशात उतरले, तेव्हा एका खांद्यावर ही गादी होती आणि दुसऱ्या खांद्यावर मी. दोन्ही ओझ्यांत गादी जास्त जड होती, पण निदान रडत नव्हती, हे ते मला अजूनही ऐकवतात.

खाली दुकान, वर घर. सकाळी अण्णा उठले की मी त्यांच्या खोलीत जाते. गादीच्या एका कोपऱ्याची शिवण मुद्दाम उसवलेली असते. तिथून हात घालायचा, दिवसभराच्या कामापुरतं गवत काढायचं आणि खाली यायचं. हे मी इतकी वर्षं करत आले आहे की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

पाहिलं ते टिकलीने, माझ्या मुलीने. तिची वेणी घालत होते. डोकं एका जागी ठेवेल तर शपथ. तशीच मान वाकडी करून म्हणाली, "आई, तू रोज काढतेस ना गवत? मग आजोबांची गादी संपत का नाही?"

"फुगतं ते, बाळा. दाबलेलं गवत मोकळं झालं की फुगतं."

उत्तर चांगलं होतं. तिचं समाधान झालं आणि ती शाळेत गेली. मी मात्र कंगवा हातात धरून जिन्यात उभी राहिले. शहरभरच्या खुर्च्यांत आम्ही ते गवत भरलंय. फुगून फुगून किती फुगेल?

२

त्याच दिवशी दुपारी गवत्या आला. नगरपालिकेच्या तण खात्याचा मुकादम. उंच, उन्हाने रापलेला, बोलताना टोपी हातात गोल गोल फिरवणारा. हे नाव मीच ठेवलंय आणि ते त्याला ठाऊक आहे. त्याची माणसं गुडघे टेकून तण उपटतात, तेव्हा खाली घ्यायच्या जाड चौकोनी गाद्या आम्हीच शिवून देतो. त्यांचा एक गठ्ठा त्याने दुरुस्तीला आणला होता.

"यंदा लवकर फाटल्या," मी म्हटलं.

"फाटतील नाही तर काय! दिवसभर गुडघ्यांवरच आहोत. हे बघा, हा नवा पाहुणा." त्याने खिशातून एक काडी काढून टेबलावर ठेवली. "परदेशी आहे. वर फिकं दिसतं, खाली मुळं विहिरीसारखी खोल. कुदळ मारली की एकाची चार होतात. आपलं इथलं एकही रोप त्याच्या शेजारी टिकत नाही."

मी काडी उचलली. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. किंचित गोडसर. लहानपणापासून रोज माझ्या बोटांना येतो तो.

"कुठे कुठे आलंय?"

"कुठे नाही ते विचारा. आधी वाचनालयाच्या पायरीत आलं. मग दातांच्या डॉक्टरांकडे, भिंतीच्या कडेने. बस डेपोत. केस कापायच्या दुकानामागे. न्यायालयाच्या आवारात तर गुडघाभर आहे. काही धागादोरा लागत नाही. वारा म्हणावा तर एका रांगेत यायला हवं."

वाचनालयाच्या खुर्च्या. डॉक्टरांची झुकती खुर्ची. बसच्या बैठका. न्हाव्याचा बाक. न्यायाधीशांच्या खुर्चीला तर मी स्वतः नवं कातडं चढवलं होतं. मी तोंडातला दोरा दाताने तोडला.

"आणि गंमत म्हणजे," टोपी फिरवत गवत्या म्हणाला, "आम्ही जिथे बसून उपटतो ना, बरोबर तिथेच ते पुन्हा जोमाने येतं. माझी माणसं म्हणतात, आमच्यावर खूश आहे."

३

तो गेल्यावर मी त्या गुडघ्यांखालच्या गाद्यांपैकी एक घेतली आणि उसवायला बसले.

हात शिवण उसवत होते आणि डोकं स्वतःशी भांडत होतं. माझं डोकं तसं भांडखोरच आहे. ते म्हणत होतं, बाई, ते गवत तुझ्या वयाहून जुनं आहे. वाळून कोळ झालंय. असलं गवत कधी उगवतं का? काथ्याच्या आत ना उजेड, ना पाणी, ना माती. उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

मी तरट बाजूला केलं.

काथ्याच्या मधोमध ती मूठ होती. आता मूठ नव्हती. पांढऱ्या, केसासारख्या मुळांनी तिने चारी बाजूंचा काथ्या विणून घेतला होता, इतका घट्ट की मला तरी तसा विणता आला नसता. खालच्या बाजूने मुळांची टोकं खोळीतून आरपार गेली होती. म्हणजे ही माणसं उपटायला गुडघे टेकत होती आणि त्याच वेळी लावणीही करत होती. आमच्या मुठीने. आमच्या वळणाने.

इतकं असतं तरी मी समजून घेतलं असतं. बी चिवट असतं, घामाची ओल पुरली असेल, काहीही.

पण रोज गुडघे टेकलेल्या गादीत गुडघ्यांचे दोन खळगे पडायला हवेत. इथे एकच होता. लहानसा, माझ्या करंगळीएवढा, मुळांच्या जाळीत नीट दबलेला. एका टोकाला गोल. मग खांदा असावा तसा उतार. मग कंबर. मग पोटाशी घेतलेले पाय.

डाव्या कुशीवर झोपलेलं कुणीतरी.

मी दुसरी गादी उसवली. तिसरी उसवली. मग उसवायचं थांबवलं, कारण दुकानात वारा नव्हता आणि न उसवलेल्या गठ्ठ्यातून हलकी सळसळ येत होती, कूस बदलताना येते तशी.

४

"अण्णा," वर जाऊन मी विचारलं, "तुम्ही कसे झोपता?"

अण्णा खिडकीत बसून वाकड्या सुयांना तेल लावत होते. डोळे गेले तरी हे काम त्यांनी सोडलेलं नाही. "कसा म्हणजे? डोळे मिटून."

"चेष्टा नको. उताणे की कुशीवर?"

"उताणा. हात छातीवर. तुझी आई म्हणायची, तिरडीवर ठेवल्यासारखे झोपता."

मी पलंगापाशी गेले. चादर ओढली. खळगा तिथेच होता, मी कळती झाल्यापासून होता. गादी म्हटली की खळगा आलाच, त्यात काय पाहायचं? पण आता मी गादीवालीच्या नजरेने पाहिलं. गोल डोकं, उतरता खांदा, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे. डाव्या कुशीवर. अण्णांपेक्षा चांगला हातभर लांब.

"हा खळगा तुमचा नाही, अण्णा."

"नाहीच," ते शांतपणे म्हणाले. "मी त्याच्या अलीकडे झोपतो."

"आईचा?"

"तुझ्या आईने कधी पाठ टेकली नाही त्या गादीवर. नको म्हणायची. बापाने मला दिली तेव्हाही तो होता. त्याला विचारलं तर म्हणाला, माझ्या बापाने दिली तेव्हाही होता." त्यांनी सुई कापडात खोचली. "तिकडे ते गवत बांधावर निमूट उभं असायचं गं. गुरं तोंड लावत नसत, कुणी ढुंकून पाहत नसे. इथे त्याला मोकळं रान मिळालं."

शेजारच्या खोलीत टिकली शाळेतून येऊन दुपारची झोपली होती. टिकलीचं झोपणं म्हणजे एक तमाशा असतो. एक पाय भिंतीवर, एक हात पलंगाखाली, उशी भलतीकडेच. तिचे बाबा बोटीवर काम करतात, ते घरी आले की म्हणतात, ही झोपते की पोहते?

मी दारातून डोकावले.

टिकली डाव्या कुशीवर झोपली होती. गुडघे पोटाशी. हात हनुवटीखाली. अगदी शहाण्यासारखी.

तिची गादी मीच भरली होती, तिच्या बारशाच्या आधी. अण्णांनी स्वतःच्या हाताने विरजण घातलं होतं.

मी तिला दोन्ही काखांत धरून उचललं. ती जागी झाली नाही. उचलली तरी तिचे गुडघे तसेच वाकलेले राहिले. मी ते हाताने सरळ केले, ते पुन्हा वाकले. मग मी तिला खाली नुसत्या फरशीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिचा एक पाय हळूच सरळ झाला आणि माझ्या पोटात बसला. इतकी गोड लाथ मी आयुष्यात खाल्ली नाही.

तिथेच ठरवलं. शहरात जिथे जिथे माझी मूठ आहे, तिथून ती परत आणायची. एकही ठेवायची नाही.

५

मी गवत्याला गाठून सरळ सांगितलं. "तुमचा पाहुणा माझ्या दुकानातून निघालाय."

त्याने टोपी फिरवायची थांबवली. मी उसवलेली गादी पुढे ठेवली. त्याने मुळं पाहिली. खळगा पाहिला की नाही, कोण जाणे. पण गादी त्याने लगेच उलटी करून ठेवली.

"कुणाच्या तरी पायाने येतंच ते," तो म्हणाला. "जाळू मात्र नका. धुराबरोबर बी उडतं. काळ्या जाड पिशव्या देतो. गच्च बांधायच्या, उन्हात टाकायच्या, आत उकडून मरतं. मग आमची गाडी येऊन नेईल."

मी कामाला लागले. फुकट दुरुस्ती म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. न्हावी म्हणाला, "गादीवाली, लॉटरी लागली की काय?" डॉक्टरीणबाईंनी पेशंट उठवून मला खुर्ची दिली. डेपोतले मेकॅनिक बसच्या बैठका काढून देत गेले आणि मी डेपोच्या फरशीवर बसून उसवत गेले. बोटांना चिरा पडल्या. वाकडी सुई एकदा तळहातात आरपार गेली. मी चिंधी बांधली आणि पुढची बैठक ओढली. माझ्यात वाईट गुण पुष्कळ आहेत, पण एकदा मागे लागले की मी सुटत नाही. हे घरच्यांना विचारा.

प्रत्येक बैठकीत तेच. वर हजार माणसं बसून गेलेली, जाडी, बारीक, लहान, म्हातारी. त्यांचा मागमूस नाही. खाली मुळांत एकच कुणीतरी झोपलेलं. फक्त एक फरक मला जाणवत गेला. जितकी बैठक जुनी, तितकं ते मोठं. गुडघ्यांखालच्या गाद्यांत करंगळीएवढं. बसमध्ये वीतभर. न्यायाधीशांच्या खुर्चीत तान्ह्या पोराएवढं.

वाचनालयातली एक खुर्ची सर्वांत जुनी होती, अण्णांच्या इथल्या पहिल्या कामांतली. तिच्या तरटाला कात्री लावली तेव्हा आतून एक लांब उसासा आला. आत कोंडलेली हवा सुटते तेव्हा असाच आवाज येतो, हे मला ठाऊक आहे. आयुष्य गेलंय त्यात. तरी मी ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. त्यांनी वाचता वाचता तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली.

घरी टिकलीची गादी मी पहिल्याच दिवशी फोडली होती. तिने रडून गोंधळ घातला. "मला झोप येणार नाही!" म्हणाली. फरशीवर सतरंजी टाकून मी तिच्याजवळ झोपायला लागले. नुसती सतरंजी, आत काही नाही. हळूहळू तिचे पाय पुन्हा भिंतीवर चढायला लागले. पण पहाटे पहाटे कधी कधी ती अजून डावीकडे वळायची आणि गुडघे वर यायचे. म्हणजे कुठेतरी अजून शिल्लक होतं.

६

शिल्लक होतं ते अण्णांच्या खोलीत. शेवटी ठेवलं होतं, कारण माझी हिंमत होत नव्हती.

"मला झोप लागणार नाही गं," अण्णा म्हणाले. नातीसारखेच.

"नको लागू दे. मीही जागी राहीन तुमच्याबरोबर. गप्पा मारू."

"तुझ्या गप्पांनी झोप येईल मग." ते हसले. मग बराच वेळ गादीवरून हात फिरवत राहिले. "एवढी एकच वस्तू तिकडची उरलीय."

"तुम्ही आहात की तिकडचे. मी आहे. आपल्याला कोण काढतंय?" मी पलंगाच्या कडेला टेकले. "अण्णा, पोर त्याच्यासारखी झोपायला लागलीय."

हे मी आत्तापर्यंत त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी गादीवरचा हात उचलून घेतला, चटका बसल्यासारखा. "काढ," म्हणाले. "आत्ता काढ."

लख्ख दुपार होती. खिडक्या सताड उघड्या होत्या. मी खोळ एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत फाडली. वरचं गवत कोरडं, फिकं, ओळखीचं. त्याखाली ओलसर. त्याखाली हिरवं. अंधारात, अण्णांच्या पाठीखाली, इतकी वर्षं ते हिरवंगार होतं. मी कवेत धरून ओढत गेले, पिशव्यांत कोंबत गेले, तोंडं गच्च बांधत गेले. पिशव्या संपल्या तशा आणखी आणल्या. एका गादीतून इतकं निघेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. मग मी विश्वासाचा नाद सोडला आणि नुसती ओढत राहिले.

शेवटी रिकामी खोळ राहिली. पलंगाच्या फळ्यांवर पातळ कापड. आत काडी नाही.

आणि कापडात खळगा होता. डोकं, खांदा, कंबर, गुडघे. फळ्या सपाट आहेत हे मी हाताने चाचपून पाहिलं. मग वरून हात ठेवला. कापड उबदार होतं. आत्ता उठून गेलं कुणीतरी.

मी खोळही पिशवीत भरली.

७

गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. शहरभरच्या पिशव्या मागच्या अंगणात आम्ही ओळीने उभ्या करून ठेवल्या होत्या, टेबलाच्या पायांसारख्या ताठ. दुपारभर ऊन कडक होतं. आत शिजत असणार सगळं. मी हात धुतले, अण्णांना चहा दिला, टिकलीला शाळेतून आणलं आणि दाराचा उंबरठा ओलांडून अंगणात पाऊल टाकलं.

पिशव्या आडव्या झाल्या होत्या. उष्णतेने प्लास्टिक ढिलं पडतं, गवत खचतं, पिशवी कलंडते. कलंडणारच. पण सगळ्या एकाच बाजूला कलंडल्या होत्या. प्रत्येकीचं एक टोक गोल होतं. मध्ये उतार होता. खालचा भाग पुढे दुमडून आला होता. लहान, मोठ्या, ओळीने, डाव्या कुशीवर, एकीच्या पाठीशी दुसरी. झोपायच्या खोलीत चुकून शिरल्यासारखी मी उभी राहिले आणि खरं सांगते, पाऊल न वाजवता मागे सरायला लागले.

"आई," टिकली म्हणाली, "मध्ये जागा का सोडलीस?"

मी सोडली नव्हती. पिशव्या मी एकमेकींना खेटून लावल्या होत्या. पण ओळीच्या मधोमध दोन पिशव्यांमध्ये मोकळी जागा होती. तिथली माती दबलेली होती. तिच्या कडेने फिकट कोवळी पाती उगवून आली होती, सकाळी नव्हती ती.

टिकलीने माझा हात सोडला. मी बोलायच्या आत ती त्या जागेपाशी पोचली होती, पेंगुळल्यासारखी चालत. तिने गुडघे टेकले. डाव्या बाजूला कलली.

मी कशी पोचले मला आठवत नाही. मी तिला दंडाला धरून अशी वर खेचली की ती किंचाळली. छान किंचाळली, कान बधिर होईल इतकी. मी तिला दाराच्या आत ढकललं आणि ओरडले, "अण्णा, धरा हिला! सोडू नका!" अण्णांनी चाचपडत तिला मिठी मारली. ती हातपाय झाडत होती, शिव्या सोडून सगळं बोलत होती. माझीच पोर ती. माझीच.

मग मी वळून त्या जागेकडे पाहिलं.

डोकं. खांदा. कंबर. गुडघे. कुणाला केवढी गादी लागेल, हे मी दारातून आत येणाऱ्या माणसाकडे बघून सांगते. आजवर चुकलेली नाही. मी ती जागा डोक्यापासून गुडघ्यापर्यंत नजरेने मोजली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणीच आलं. मी देवाचे आभार मानले, मोठ्याने.

ती जागा टिकलीच्या मापाची नव्हती. लहान पोर तिच्यात हरवून गेलं असतं. खांदे रुंद होते, ओणवं बसून काम करणाऱ्या बाईचे असतात तसे. उजवा डाव्याहून किंचित वर. माझा आहे तसा.

म्हणजे पोरीसाठी नव्हतं ते. माझी वाट बघत होतं.

मी दाराला बाहेरून कडी घातली. आतून टिकली दार बडवत होती. तो आवाज चालू राहू दे, म्हटलं, तोवर मला झोप येणार नाही. बाह्या वर सारल्या, तळहाताची चिंधी दाताने आवळली आणि त्या जागेच्या काठाशी गुडघे टेकले. माती मऊ होती, उबदार होती, आणि कित्येक दिवसांच्या जागरणाने माझी पाठ दुखत होती.

"गाठ माझ्याशी आहे," मी म्हटलं, आणि पहिलं पातं अगदी मुळाशी धरून ओढलं.